न देणारा आणि देऊ न शकणारा

१. प्रश्न रास्त आहे

पोटच्या पोराच्या खर्चाला पैसे न देणाऱ्या बापाला तुरुंगात टाकलं, तर त्यात चुकलं काय? पोटगीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा राग समजण्यासारखा असतो. घर मोडलं तरी मुलाची जबाबदारी मोडत नाही. एकटी आई दोन वेळचं जेवण, शाळेची फी, औषधपाणी सगळं निभावते आणि दुसरीकडे बाप हात वर करून मोकळा होतो, हे कोणत्याही समाजाला सहन होऊ नये. तरीही या प्रश्नात एक गृहीतक न सांगता येऊन बसलेलं आहे : ज्याने पैसे दिले नाहीत, त्याच्याकडे ते होते. हे गृहीतक जिथे खरं असतं तिथे तुरुंगाचा धाक कामाला येतो. जिथे ते खोटं असतं तिथे तुरुंग मुलाला काहीच देत नाही आणि उद्या मिळू शकलं असतं तेही घालवतो. या दोन बापांना वेगळं कसं ओळखायचं, हा या प्रकरणाचा विषय. त्यासाठी अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण पोटगी वसूल करण्याची एवढी मोठी आणि एवढी कडक यंत्रणा फार थोड्या देशांनी उभारली आहे. त्या यंत्रणेचं यश आणि अपयश दोन्ही नोंदींमध्ये स्पष्ट दिसतं.

२. यंत्रणा कशी उभी राहिली

अमेरिकेत कौटुंबिक कायदा हा राज्यांचा विषय. पण १९७५ साली केंद्राने सामाजिक सुरक्षा कायद्यात नवा भाग घातला आणि मुलांची पोटगी वसूल करणारी खाती प्रत्येक राज्यात उभी राहिली. त्यांच्या प्रशासकीय खर्चाचा ६६ टक्के भार केंद्र उचलतं. पुढची वीस वर्षं या खात्यांच्या हातात एकामागून एक हत्यारं येत गेली. १९८४ आणि १९८८ च्या कायद्यांनी पगारातून थेट कपात रूढ केली. १९९६ च्या कायद्याने नव्याने कामावर लागलेल्या प्रत्येक माणसाची नोंद एका राष्ट्रीय यादीत जाऊ लागली, म्हणजे नोकरी बदलून निसटणं अवघड झालं. थकबाकी वाढली तर वाहन चालवण्याचा परवाना, धंद्याचा परवाना, पासपोर्ट हे सगळं अडवता येतं. पासपोर्टसाठी ही मर्यादा आज २,५०० डॉलर आहे. तिथे नोकरीला असलेल्या मराठी माणसाचा घटस्फोट झाला तर त्यालाही हीच यंत्रणा लागू होते.

या यंत्रणेने मोठं काम केलं आहे, हे आधी मान्य करायला हवं. वर्षाला सुमारे ३० अब्ज डॉलर तिच्यामार्फत वसूल होतात आणि देशातल्या दर पाच मुलांपैकी साधारण एक मूल तिच्या कक्षेत येतं. पण ही वसुली होते कशी? तिचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग पगारातल्या कपातीतून येतो. ज्याला दरमहा पगारपत्रक मिळतं, त्याच्या हातात पैसे पडायच्या आधीच मुलाचा वाटा वेगळा झालेला असतो. त्याची इच्छा आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही, आणि त्याला तुरुंगाची भीती घालण्याची गरजही नाही. मग तुरुंगाच्या दारापर्यंत पोचतं कोण? ज्याच्या कमाईला पगारपत्रक नाही तो. अशांमध्ये रोखीने भरपूर कमावणारे ठेकेदार असतात, दुकानदार असतात, आणि काम मिळेल त्या दिवशीच कमावणारे मजूरही असतात. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने नऊ मोठ्या राज्यांतल्या थकबाकीचा अभ्यास करून २००७ साली अहवाल दिला. त्यात आढळलं की एकूण थकबाकीपैकी ७० टक्के रक्कम अशा पालकांच्या नावावर होती, ज्यांचं नोंदलेलं उत्पन्न वर्षाला १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी होतं, किंवा मुळीच नव्हतं. नोंदलेलं उत्पन्न म्हणजे खरं उत्पन्न नव्हे, हा आक्षेप इथे घेता येईल आणि तो काही अंशी खराही आहे. पण देशभरची थकबाकी १०० अब्ज डॉलरच्या वर आहे. त्यातली बहुतेक रक्कम लपवलेल्या श्रीमंतीतून यायची आहे असं मानायचं, तर तेवढी श्रीमंती कुठेतरी दिसायला हवी होती.

३. आकडा ठरतो कसा

चूक तुरुंगात घडत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी, पोटगीची रक्कम ठरते त्या दिवशी घडते. पालकाचं उत्पन्न किती याचा कागद समोर नसेल किंवा कोर्टाला तो कमी वाटला, तर कोर्ट उत्पन्न गृहीत धरतं. धडधाकट माणूस आहे, आठवड्याला चाळीस तास किमान वेतनावर काम करू शकतो, तेव्हा तेवढं तो कमावतोच असं समजायचं. हेतू चांगला आहे. नाहीतर कुणीही नोकरी सोडून हात झटकेल. पण हिशेब मांडून पाहू. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. चाळीस तासांचे आठवड्याला २९० आणि महिन्याला साधारण १,२५७ डॉलर होतात. समजा दोन मुलांसाठी उत्पन्नाचा पाव हिस्सा असं प्रमाण धरलं, तर दरमहा ३१४ डॉलर पोटगी ठरली. आता हा माणूस गोदामात माल चढवतो आणि त्याला प्रत्यक्षात आठवड्याला वीसच तास काम मिळतं. त्याच्या हातात महिन्याला येतात ६२८ डॉलर. कागदावरचा पाव हिस्सा त्याच्या संसारात अर्धा झाला. उरलेल्या ३१४ मध्ये भाडं, जेवण आणि कामावर जाण्याचं भाडं भागवायचं. पहिल्याच महिन्यापासून तो थकबाकीदार होणार, हे ठरलेलं आहे.

त्यातही अनेक हुकूम एकतर्फी निघतात. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, माणूस कोर्टात येत नाही, आणि त्याच्या गैरहजेरीत रक्कम ठरते. त्याला ती कळते तेव्हा काही महिन्यांची बाकी साचलेली असते. मग त्याला नियमित नोकरी लागली की कपात सुरू होते. केंद्राच्या कायद्याप्रमाणे पोटगीसाठी पगाराचा निम्मा ते ६५ टक्के भाग कापता येतो. ताशी सात-आठ डॉलर मिळवणाऱ्याला त्यातले तीन हातात पडत असतील, तर रोखीचं, नोंद नसलेलं काम त्याला परवडू लागतं. ज्या माणसाला नोंदीत आणण्यासाठी यंत्रणा उभी केली, त्यालाच ती नोंदीबाहेर ढकलते. विस्कॉन्सिन राज्यात गरीब आईच्या बाळंतपणाचा सरकारी खर्च बापाच्या नावावर चढवण्याची पद्धत आहे आणि तो किती चढवायचा हे जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं असतं. या फरकाचा उपयोग करून संशोधकांनी तपासलं, तेव्हा ज्यांच्या डोक्यावर सुरुवातीलाच जास्त कर्ज बसलं, ते बाप पुढे नोंदीतलं काम कमी करतात आणि पोटगीही कमी देतात असं दिसून आलं.

४. कमी न होणारं कर्ज

परिस्थिती बदलली तर रक्कमही बदलून घेता यायला हवी. ती घेता येते, पण पुढच्यापुरतीच. १९८६ साली न्यू जर्सीचे सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार हप्त्याची तारीख उलटली की ती रक्कम कोर्टाच्या निवाड्याइतकी पक्की होते. त्यानंतर कोणताही न्यायाधीश ती मागे जाऊन कमी करू शकत नाही. त्या काळी काही कोर्टं बापाची मोठी बाकी सहज माफ करून टाकत आणि आईला हात हलवत परतावं लागे, हे त्यामागचं कारण होतं. नियम ज्यांच्यासाठी केला, त्यांच्या बाबतीत तो योग्यच होता. पण नोकरी गेल्याच्या दिवशी, अपघात झाल्याच्या दिवशी किंवा अटक झाल्याच्या दिवशी कोर्टात अर्ज करायचा असतो हे ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी तेच दार कायमचं बंद होतं. अर्ज करेपर्यंतचे सगळे महिने पूर्ण दराने मोजले जातात. काही राज्यं त्यावर व्याजही लावतात. कॅलिफोर्नियात ते वर्षाला १० टक्के आहे. म्हणजे १०,००० डॉलर थकले की एका वर्षात हजार डॉलर नुसत्या व्याजाचे वाढले.

आता वरच्या उदाहरणातला गोदामातला मजूर सहा महिने तुरुंगात गेला असं समजा. कमाई शून्य. पण दरमहा ३१४ डॉलर चढतच राहिले आणि बाहेर पडला तेव्हा आणखी १,८८४ डॉलर डोक्यावर आले. नोकरी गेली, नव्या मालकाला तुरुंगवास सांगावा लागतो, परवाना अडवलेला असेल तर गाडी चालवून दूरच्या कामावर जाता येत नाही. कैद्याने स्वतःहून बेरोजगारी पत्करली असं धरून त्याची पोटगी कमी करायला अनेक राज्यं कित्येक वर्षं नकार देत होती. डिसेंबर २०१६ च्या केंद्रीय नियमाने ही समजूत बंद केली, आणि १८० दिवसांहून जास्त तुरुंगात राहणाऱ्या पालकाला फेरविचाराच्या हक्काची माहिती देणं राज्यांवर बंधनकारक केलं. याच नियमाने रक्कम प्रत्यक्ष कुवतीनुसार ठरवावी असंही सांगितलं. एवढी साधी गोष्ट लिहायला चाळीस वर्षं लागली, याची खंत वाटते.

५. कोऱ्या राहिलेल्या चौकटी

पोटगीसाठीचा बहुतेक तुरुंगवास शिक्षा म्हणून दिला जात नाही. त्याला दिवाणी अवमान म्हणतात. कायद्याची कल्पना अशी की कैद्याच्या खिशातच कोठडीची किल्ली आहे. पैसे भरले की त्याच क्षणी सुटका. शिक्षा नसल्यामुळे फौजदारी खटल्यात मिळणारं संरक्षण, विशेषतः सरकारी खर्चाने वकील, इथे आपोआप मिळत नाही. पण खिशात किल्ली नसेलच तर? मग तो माणूस मुदत संपेपर्यंत आतच राहतो, आणि जी शिक्षा नव्हती ती शिक्षा होऊन बसते.

साउथ कॅरोलायनातला टर्नर विरुद्ध रॉजर्स हा खटला या प्रश्नावर २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. टर्नरला २००३ पासून आठवड्याला ५१.७३ डॉलर द्यायचे होते. त्याचे हप्ते वारंवार थकले, तो अवमानासाठी पुन्हा पुन्हा कोर्टापुढे आला, एकदा सहा महिने आत राहिला. जानेवारी २००८ च्या सुनावणीत बाकी ५,७२८.७६ डॉलर होती. त्याच्याकडे वकील नव्हता, मुलाच्या आईकडेही नव्हता. आपण व्यसनात अडकलो होतो, पाठीला दुखापत झाली, अपंगत्वाच्या मदतीसाठी अर्ज केला आहे, असं त्याने सांगितलं. न्यायाधीशाने बारा महिन्यांची कैद दिली. कोर्टाच्या छापील फॉर्मवर एक वाक्य आधीच छापलेलं होतं : प्रतिवादी कामावर आहे की नाही, त्याची पैसे भरण्याची कुवत आहे की नाही, यापैकी लागू असेल त्यावर खूण करायची. ती खूण केलेलीच नव्हती. ज्या एका मुद्द्यावर कैद कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरणार, तोच मुद्दा कागदावर कोरा राहिला. वर्षभर आत काढलं तरी बाकी फिटली नाही; डिसेंबर २०१० पर्यंत ती १३,८०० डॉलरच्या वर गेली होती. याच राज्यात २००५ आणि २००९ मध्ये झालेल्या पाहण्यांत जिल्हा तुरुंगांतले १३ ते १६ टक्के कैदी पोटगीच्या अवमानासाठी आत असल्याचं आढळलं होतं.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहिलं की अशा प्रकरणात वकील देणं सक्तीचं नाही. समोर वकील नसलेली आई असताना बापाला सरकारी वकील दिला तर उलट अन्याय होईल. पण कुवत हाच कळीचा प्रश्न आहे हे माणसाला आधी सांगायला हवं, उत्पन्नाची माहिती फॉर्मवर घ्यायला हवी, त्याला उत्तर द्यायची संधी हवी, आणि न्यायाधीशाने कुवतीबद्दल स्पष्ट निष्कर्ष नोंदवायला हवा. यातलं काहीच न झाल्यामुळे टर्नरची कैद घटनाबाह्य ठरली. मला हा निकाल अपुरा वाटतो, कारण अर्धवट शिकलेला, घाबरलेला माणूस फॉर्म नीट भरेल याची खात्री नाही. तरी प्रश्न योग्य जागी विचारला गेला. चार वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, याच राज्यातल्या नॉर्थ चार्ल्स्टनला वाहतूक पोलिसाने थांबवलेला वॉल्टर स्कॉट पळाला आणि पोलिसाने त्याच्या पाठीत गोळ्या घातल्या. त्याच्यावर पोटगीच्या बाकीसाठी वॉरंट होतं. त्या भीतीनेच तो पळाला असावा, असं घरच्यांनी सांगितलं. गोळी झाडणाऱ्या पोलिसाला पुढे वीस वर्षांची शिक्षा झाली.

६. पैसे मुलापर्यंत पोचतात का

बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. आई सरकारी रोख मदत घेत असेल तर पोटगीवरचा हक्क तिला राज्याच्या नावाने करून द्यावा लागतो. बापाने भरलेले पैसे मग राज्य आधी स्वतःच्या मदतीपोटी ठेवून घेतं. काही राज्यं महिन्याला थोडी ठरावीक रक्कम आईला देतात, काही तेवढीही देत नाहीत. देशभरच्या थकबाकीचा साधारण पाचवा हिस्सा मुलांचा नसून सरकारचा आहे. चालू महिन्याची सगळी पोटगी कुटुंबाला देण्याचा निर्णय पहिल्यांदा कोलोरॅडोने २०१७ मध्ये अमलात आणला. ज्याने भरलेला पैसा आपल्या मुलीच्या बुटांपर्यंत पोचत नाही हे पाहिलं आहे, त्याला नियमित भरत राहा असं सांगणं किती कठीण आहे, याचा विचार करावा. मुलाच्या हितासाठी म्हणून उगारलेला तुरुंग इथे सरकारी येणं वसूल करत असतो.

७. ‘पण धाकाने पैसे येतातच ना?’

हा सगळ्यात भक्कम आक्षेप आहे आणि त्यामागे पुरावा आहे. कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड चेंबर्स यांनी मिशिगनमधल्या २८ जिल्ह्यांचा अभ्यास करून १९७९ साली पुस्तक लिहिलं. ज्या जिल्ह्यांत थकबाकीदारांना भरपूर तुरुंगवास दिला जाई आणि शिवाय हप्ता चुकताच खातं स्वतःहून पाठपुरावा करी, तिथे वसुली खरोखर जास्त होती. हे नाकारून चालणार नाही. पण तो काळ पाहा. मिशिगन म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचा प्रदेश. तिथल्या बापांना चांगल्या पगाराच्या नोकऱ्या होत्या आणि पगारातून आपोआप कपात अजून रूढ झालेली नव्हती. ज्याच्या खिशात पैसे आहेत, त्याला धाक लागू पडला. खुद्द चेंबर्स यांनाही तुरुंगाच्या वाटेबद्दल अस्वस्थता होती आणि त्याऐवजी सक्तीची पगारकपात असावी असं त्यांचं मत होतं. ती कपात नंतर आली, आणि धाकाने वठणीवर येणारे बहुतेक लोक तिच्या जाळ्यात आधीच सापडले. आज तुरुंगाच्या दारात उरलेला माणूस चेंबर्स यांच्या कारखान्यातला कामगार नाही.

अटक झाली की दोन दिवसांत पैसे येतात, हेही खरं असतं. ते कुणाचे असतात हे मात्र वसुलीच्या आकड्यात दिसत नाही. अनेकदा म्हातारी आई भाड्याचे पैसे देते, बहीण उसने आणते, किंवा दुसऱ्या घरातल्या मुलांच्या तोंडचा घास निघतो. ज्याने कोर्टाचा हुकूम मोडला त्याची कुवत यातून सिद्ध होत नाही, फक्त त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांची हतबलता दिसते.

रोखीत कमावून लपवणाऱ्यांचं काय? त्यांना तुरुंगात पाठवायला माझी हरकत नाही. पण त्यांना शोधण्याची साधनं आज हातात आहेत : बँक खात्यांची पडताळणी, मालमत्तेच्या नोंदी, कराची विवरणपत्रं, राहणीमान. ज्याच्या नावावर नवी गाडी आहे आणि उत्पन्न शून्य आहे, त्याचं खोटं उघड करायला दोन कागद पुरतात. हे काम वेळखाऊ आहे म्हणून ते टाळायचं आणि बाकी असलेल्या सगळ्यांना एकाच रांगेत उभं करायचं, यात लबाडाचीच सोय होते. गर्दीत तोही गरीब दिसतो.

८. ‘मग आईने काय करायचं?’

या प्रश्नाला बगल देणारी कोणतीही सुधारणा टिकणार नाही. ताबा असलेल्या पालकांपैकी सुमारे ८० टक्के आया आहेत, आणि ज्यांना पोटगी ठरवून मिळाली आहे त्यांच्यातल्याही निम्म्यांहून कमी जणांना ती पूर्ण मिळते. बापाची रक्कम कुवतीप्रमाणे कमी केली तर तूट तिने भरायची का? जर्मनीने १९८० पासून वेगळी वाट धरली आहे. बाप देत नसेल किंवा देऊ शकत नसेल तर सरकार ठरावीक रक्कम मुलाला आगाऊ देतं आणि बापाकडून ती वसूल करणं ही सरकारची डोकेदुखी ठरते. २०१७ पासून ही सोय १८ वर्षं वयापर्यंत वाढवली गेली. बापाच्या कुवतीचा प्रश्न आणि मुलाच्या पोटाचा प्रश्न अशाने वेगळे होतात. अमेरिकेत टेक्सास राज्याने दुसरी बाजू हाताळली : बेरोजगार थकबाकीदाराला कोर्टातूनच काम मिळवून देणाऱ्या कार्यक्रमात पाठवायचं, आणि तो गेला नाही तरच तुरुंगाचा विचार करायचा. अभ्यासात या कार्यक्रमातले पालक अधिक नियमितपणे पोटगी देताना आढळले. जो कामावर जातो त्याची कुवत तयार होते, जो जाणूनबुजून टाळतो तो स्वतःच वेगळा उठून दिसतो.

९. आपल्याकडचं वॉरंट

महाराष्ट्रातल्या कोणत्याही कौटुंबिक न्यायालयात पोटगीच्या बाकीसाठी वॉरंट ही ओळखीची गोष्ट आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, पुरेसं कारण नसताना पोटगी थकवणाऱ्याला प्रत्येक महिन्याच्या बाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ देतं. कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कुलदीप कौर यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. उत्पन्न गृहीत धरण्याची सवय आपल्याकडेही आहे : धडधाकट नवऱ्याने गरज पडली तर अंगमेहनत करून पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. इथल्या बायकांना हुकूम हातात असूनही वर्षानुवर्षं तारखांना हेलपाटे घालावे लागतात, त्यामुळे आपल्याकडे तक्रार बहुतेकदा कारवाई ढिली असण्याची असते आणि ती खरी आहे.

तरी पाया घालणारं एक पाऊल आपल्याकडे पडलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून गेलेल्या राजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. हे प्रतिज्ञापत्र पोटगी ठरवताना भरलं जातं. वॉरंटच्या अर्जासोबत तेच ताज्या आकड्यांनिशी पुन्हा मागवलं, सोबत बँकेचा सहा महिन्यांचा उतारा जोडायला लावला, आणि ‘पुरेसं कारण आहे किंवा नाही’ यावर न्यायदंडाधिकाऱ्याने दोन ओळी कारणांसह लिहिल्या, तर पैसे लपवणारा नवरा पहिल्याच तारखेला उघडा पडेल, आणि खरोखर काम नसलेल्याला त्याच तारखेला हप्ता कमी करून मागण्याचा अर्ज देता येईल. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. कलमात ‘पुरेसं कारण’ ही अट आधीपासूनच आहे.